पहिली एअर रायफल: जुनी घ्यायची की नवी?

माझी मुलगी आठ महिने क्लबच्या रायफलवर सराव करत होती. एका शनिवारी सराव संपल्यावर सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आता हिची स्वतःची बघायला लागा." त्या वाक्यानंतरचे दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. नवी घ्यायची तर मुदत ठेव मोडावी लागणार होती. जुनी घ्यायची तर फसवणुकीची भीती. ज्याला विचारावं तो वेगळं सांगत होता. शेवटी आम्ही जुनी घेतली, त्यात एक मोठी चूक केली, ती निस्तरली, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या दोन मुलांच्या पालकांबरोबर रायफल बघायलाही गेले. 2024 मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेला 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळालं. तेव्हापासून ठाण्यात आणि नवी मुंबईत रेंजवर येणारी मुलं वाढलेली मला दिसतात. त्यांच्या आईवडिलांसाठी आणि नोकरी सांभाळून नेमबाजी शिकणाऱ्या मोठ्यांसाठी हे लिहिते आहे.

1. आधी कायदा नीट समजून घ्या

बरेच नवखे लोक पहिलाच प्रश्न सेमी-ऑटोमॅटिक रायफलचा विचारतात. ट्रिगर दाबला की गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते, अशी रायफल आपल्याकडे प्रतिबंधित शस्त्रांत मोडते. सामान्य माणसासाठी तिथे जुनी की नवी हा प्रश्नच येत नाही. "कागद करून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. पॉइंट टू-टू (.22) म्हणजे काडतुसाच्या रायफलला शस्त्र परवाना लागतो, आणि ती वाट पुढची आहे.

सुरुवात होते ती 10 मीटर एअर रायफलने. 2008 मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण आणि 2012 मध्ये लंडनला गगन नारंगने ब्राँझ जिंकलं ते याच प्रकारात. ही 4.5 मिलिमीटर व्यासाच्या नळीची, एका वेळी एकच पेलेट (शिशाची बारीक गोळी) भरायची, हवेच्या दाबावर चालणारी रायफल. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल साधारण अर्ध्या ग्रॅमचा पेलेट सेकंदाला 170 ते 175 मीटर वेगाने सोडते, म्हणजे साडेसात-आठ जूल. मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी.

पण परवाना नको म्हणजे कागदच नको असं नाही. विक्रेता परवानाधारक हवा, तो तुमचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा घेणार, नोंद ठेवणार. जो विक्रेता काहीच मागत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आणि "आमची जास्त पॉवरची आहे" हे ऐकून भुलू नका. स्पर्धेत जास्त ताकदीचा काही उपयोग नाही, उलट तुम्ही परवान्याच्या कक्षेत जाल.

2. पहिले सहा महिने रायफल घेऊ नका

हे मी अगदी मनापासून सांगते. मूल रेंजवरून आलं की डोळ्यांत चमक असते, आपल्यालाही वाटतं की लगेच घेऊन टाकावी. थांबा. क्लबच्या रायफलवर सहा महिने काढा. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. पनवेलला ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने जाता येतं. शिवाय ठाण्यात छोटे क्लब आहेत. दोन-तीन ठिकाणी जाऊन बघा, मुलांना शिकवताना सर काय बोलतात ते ऐका.

या सहा महिन्यांत तीन गोष्टी कळतात. मूल सकाळी सहाला उठून जातंय का, हे एक. त्याचा प्रमुख डोळा कोणता आणि ते उजव्या हाताने नेम धरणार की डाव्या, हे दुसरं. आणि उभं राहण्याची ढब बसली का, हे तिसरं. ढब बसायच्या आधी रायफल घेतली तर बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीक पीस (गाल टेकतो तो भाग) यांची मापं दर महिन्याला बदलत राहतात, आणि मूल मात्र रायफलला दोष देत राहतं.

3. आधी जॅकेट, मग रायफल

हा क्रम आम्हाला कुणी सांगितला नव्हता. शूटिंग जॅकेट आणि ट्राउझर अंगाच्या मापाने शिवलेली लागतात. पाठीला आणि कमरेला जो आधार मिळतो तो मापातूनच. दुसऱ्याचं जॅकेट घालून माझी मुलगी दहा महिने उभी राहिली आणि तिच्या कंबरेचा त्रास तेव्हाच सुरू झाला. जाडी आणि ताठपणा स्पर्धेच्या आधी यंत्राने मोजतात. एका थराची जाडी 2.5 मिलिमीटरच्या आत लागते. जुनं जॅकेट मऊ पडलेलं असतं, ते नियमात बसतं पण आधार देत नाही. त्यामुळे जॅकेट नवीन घ्या. वाढतं मूल असेल तर शिवणाऱ्याला आत थोडं जास्तीचं कापड ठेवायला सांगा.

पेलेटचा खर्चही आधीच धरा. एका डब्यात 500 पेलेट. रोज 80 शॉट मारले तर डबा सहा दिवसांत संपतो. पालक रायफलवर सगळे पैसे घालतात आणि मग सरावाचे पेलेट मोजून देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मोजून मिळालेल्या पेलेटवर कुणी नेमबाज होत नाही.

4. जुनी कुणी घ्यावी, नवी कुणी

माझं मत स्पष्ट आहे: पहिली रायफल जुनी घ्या, तिच्यासाठी सिलिंडर (दाबाखालची हवा भरायची, रायफलला जोडलेली नळकांडी) मात्र नवा घ्या.

कारण असं. चांगल्या कंपनीची रायफल, मग ती वॉल्थर असो, फाइनवर्कबाउ असो, स्टायर असो की आन्शुट्झ, नीट सांभाळली तर बॅरल (नळी) वर्षानुवर्षं टिकते. शिशाचा मऊ पेलेट आणि थंड हवा यांनी पोलादी बॅरल झिजायला फार काळ लागतो. पाच-सात वर्षं वापरलेली रायफल 10 मीटरवर नव्या रायफलइतकंच नेमकं छिद्र पाडू शकते. टार्गेटमधलं टेन, म्हणजे दहा गुणांची जागा, हा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. तो चुकतो तो नवशिक्याच्या श्वासामुळे आणि बोटामुळे.

नवी घ्यावी अशी कारणंही आहेत. मूल डावखुरं असेल तर जुन्या बाजारात त्याच्या हाताची रायफल क्वचित मिळते. मूल दहा-बारा वर्षांचं, किरकोळ अंगाचं असेल तर पूर्ण आकाराची रायफल जड जाते. नियमाने 5.5 किलोपर्यंत वजन चालतं, पण तीस-पस्तीस किलोच्या मुलाने तेवढं पेलावं ही अपेक्षा चूक आहे. अशा मुलासाठी ज्युनिअर मॉडेल बघा. भारतीय बनावटीच्या नव्या रायफली युरोपियनपेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात, आणि दुरुस्तीला जर्मनीची वाट बघावी लागत नाही. ज्यांना ओळखीचं कुणी तपासून द्यायला नाही, त्यांनी अनोळखी माणसाकडून जुनी युरोपियन घेण्यापेक्षा भारतीय बनावटीची नवी घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

एक प्रकार मात्र टाळा. बाजूचा दांडा ओढून चालणाऱ्या स्प्रिंगच्या जुन्या मॅच रायफली अजून फिरतात. त्यांतल्या काही फार सुरेख आहेत, फाइनवर्कबाउची 300 एस तर आजही नेमकी मारते. पण दर शॉटला दांडा ओढायचा, सुटे भाग शोधायचे, आणि मूल एका वर्षात त्यापुढे जातं.

5. जुनी बघायला जाताना

सोबत घ्या: मोबाइलचा टॉर्च, ॲलन कीचा संच, मॅच पेलेटचा डबा, कागदी टार्गेट, वही, आणि शक्य असेल तर सरांना किंवा क्लबातल्या एखाद्या जुन्या नेमबाजाला. रायफल विक्रेत्याच्या घरी बघू नका, रेंजवर आणायला सांगा. जो रेंजवर यायला टाळतो त्याचं कारण बहुतेक वेळा रायफलमध्येच असतं.

*सिलिंडर.* सगळ्यात आधी हा. आमची चूक इथेच झाली. रायफल सुंदर होती, ग्रुप (एकाच जागी मारलेल्या शॉटचा पुंजका) उत्तम, ट्रिगर मऊ. भांडुपच्या एका कुटुंबाकडून घेतली, माणसं सालस. सिलिंडर पुरेसा भरलेला होता, काटा हिरव्यात, आम्ही बघितलं आणि खूश झालो. अकरा महिन्यांनी स्पर्धेच्या साहित्य तपासणीत टेबलामागच्या बाईंनी सिलिंडर उलटा केला, अंगठ्याने त्यावरचं तेल पुसलं आणि चष्मा वर करून तारीख वाचली. मग तो शांतपणे बाजूला ठेवला. मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती. मुलीच्या तोंडावरचा रंग उडालेला मला अजून दिसतो. शेजारच्या लेनमधल्या मुलाकडे त्याच कंपनीचा जास्तीचा सिलिंडर होता, त्याने न विचारता काढून दिला, म्हणून ती उभी राहू शकली. दुसऱ्या कंपनीचा बसला नसता, आटे वेगळे असतात.

तर बहुतेक युरोपियन कंपन्या सिलिंडरला उत्पादनापासून 10 वर्षांची मुदत देतात. तारीख सिलिंडरवरच कोरलेली असते, महिना आणि वर्ष. ती स्वतः वाचा, फोटो काढा. हा फक्त नियमाचा प्रश्न नाही. 200 किंवा 300 बार दाबाची हवा मुलाच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर असते. मुदत दोन वर्षांहून कमी उरली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत रायफलच्या किमतीतून सरळ वजा करून मागा.

गळतीही बघा. काटा कितीवर आहे ते लिहून घ्या, रायफल रात्रभर तशीच राहू द्या, सकाळी परत बघा. त्यासाठी विक्रेत्याला एक दिवस मागावा लागतो. मागा. काढलेला सिलिंडर पाण्याच्या बादलीत बुडवला तर बुडबुडे लगेच दिसतात, मात्र नंतर तोंड पूर्ण कोरडं करा. नुसतं रबरी सील गेलं असेल तर ते थोडक्यात बदलून मिळतं, त्यासाठी चांगली रायफल सोडू नका.

*बॅरल.* रायफल रिकामी आहे याची आधी खात्री करा, मग टॉर्चने तोंडाची कडा बघा. खरचटलेली, ठेचलेली कडा म्हणजे सौदा संपला. त्यानंतर रायफल शिकंज्यात बांधून, नसेल तर वाळूच्या पिशवीवर टेकवून, एकाच जागी दहा शॉट मारा. दहाही मिळून पेन्सिलच्या जाडीएवढं एकच छिद्र व्हायला हवं. मोठं झालं तर लगेच नाही म्हणू नका, दुसऱ्या मापाचे पेलेट घालून बघा. 4.49, 4.50 असे डोक्याच्या मापात फरक असतात आणि प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असते. आम्ही चार डबे बदलून बघितले, तिसऱ्याला छिद्र मिटल्यासारखं बारीक झालं. रेंजवर वेग मोजायचं यंत्र असेल तर दहा शॉटचे वेग लिहून घ्या. ते एकमेकांच्या जवळ असावेत. वेग वरखाली उड्या मारत असेल तर रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) दुरुस्तीला आला आहे.

*पीप.* म्हणजे मागची साईट, जिच्या बारीक छिद्रातून नेम धरतात. ती दहा क्लिक उजवीकडे फिरवा, शॉट मारा, दहा क्लिक परत आणा, शॉट मारा. तो पहिल्याच जागी पडला पाहिजे. पडत नसेल तर साईटचे आटे झिजलेत. नवी साईट स्वस्त नसते.

*ट्रिगर.* पहिली ढील संपून बोट थांबतं ती जागा दर वेळी तीच लागली पाहिजे. पाच-दहा वेळा ड्राय, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर दाबून, बघा.

*स्टॉक.* चीक पीस आणि बट प्लेटचे सगळे स्क्रू ॲलन कीने सोडवून परत आवळून बघा. ॲल्युमिनियममधले आटे घसरलेले असतात आणि विक्रेता ते घट्ट आवळून आणतो. घामाने पडलेले पांढरे डाग चालतात. लाकडी स्टॉकला चीर असेल तर नको.

6. नवी घेताना

नव्यात तपासायचं कमी आणि विचारायचं जास्त. हातात माल आहे की मागवावा लागेल? आयात रायफलला महिने लागू शकतात आणि मधल्या काळात युरोची किंमत वाढते. पावतीवर "किंमत बदलल्यास ग्राहकाची जबाबदारी" असं लिहिलेलं असतं, ते वाचूनच आगाऊ रक्कम द्या. दुरुस्ती कोण करणार, कुठे, भाग किती दिवसांत मिळतात? रायफलबरोबर कंपनीचं चाचणी कार्ड येतं, त्यावर छिद्राचा नमुना आणि क्रमांक असतो. तो क्रमांक रायफलवरच्या क्रमांकाशी जुळतो का बघा. नव्या सिलिंडरचीसुद्धा तारीख वाचा. गोदामात तीन वर्षं पडलेला सिलिंडर नवा म्हणून दिला जातो, आणि ती तीन वर्षं तुमची जातात.

परदेशी दुकानाच्या संकेतस्थळावर स्वस्त दिसली म्हणून कार्डाने पैसे भरून बसू नका. आयातीचे नियम वेगळे आहेत, पार्सल कस्टममध्ये अडकतं.

7. कागद

जुनी घेताना हे सगळं हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका:

- मूळ खरेदीचं बिल, रायफलच्या क्रमांकासह. नसेल तर व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फत करा.
- विकणाऱ्याचं सहीचं पत्र: रायफलची कंपनी, मॉडेल, क्रमांक, सिलिंडरचा क्रमांक आणि तारीख, रक्कम, दिवस.
- दोघांच्या आधार कार्डांच्या सही केलेल्या प्रती.
- पैसे बँकेतून. रोख नको, मग ती कितीही ओळखीची माणसं असोत.

मूल लहान असेल तर बिल आईच्या किंवा वडिलांच्या नावावर घ्या. स्पर्धेसाठी जिल्हा आणि राज्य संघटनेची नोंदणी वेगळी करावी लागते, तिथे मुलाचा जन्मदाखला, फोटो आणि क्लबचं पत्र लागतं. ती रायफल घ्यायच्या आधीच सुरू करा. स्पर्धेच्या तोंडावर सगळेच धावतात.

8. घरी आणल्यावर

सिलिंडर कुठे भरणार ते आधी ठरवा. क्लबात मोठी टाकी असते, तिथेच भरणं उत्तम. हातपंपाने भरता येतो, पण आपल्याकडची हवा दमट. पंपाने तोच ओलावा आत जातो आणि सील, रेग्युलेटर खराब होतात. भरताना सावकाश भरा, सिलिंडर गरम होऊ देऊ नका, आणि 200 बारच्या सिलिंडरमध्ये 300 भरायचा विचारही करू नका. ऑक्सिजनच्या बाटल्यातून तर चुकूनही भरू नका. तेलाचा अंश आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आला की स्फोट होतो.

जून ते सप्टेंबर ठाण्यात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. रायफल आठवडेच्या आठवडे पेटीतल्या फोममध्ये बंद करून ठेवू नका, फोम ओलावा धरतो. आम्ही आठवड्यातून एकदा ती बाहेर काढून कोरड्या सुती फडक्याने पुसतो, पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या टाकतो आणि त्यांचा रंग बदलला की बदलतो. हाताळून झाल्यावर लोखंडी भागावर तेलाचं हलकं बोट. बॅरलच्या आत तेल ओतू नका.

नेताना रायफल रिकामी, सिलिंडर काढलेला, पेलेट वेगळ्या पिशवीत, पेटीला कुलूप. बिलाची प्रत आणि क्लबचं ओळखपत्र पेटीच्या बाहेरच्या खिशात. ठाणे स्टेशनवर पेटी बघून आम्हाला दोनदा पोलिसांनी थांबवलं. कागद दाखवले, क्लबचा फोन नंबर दिला, पाच मिनिटांत सोडलं. त्यांचं ते कामच आहे. पेटी प्लॅटफॉर्मवर उघडून दाखवू नका. ते म्हणतील तर चौकीत जाऊन उघडा. सकाळी साडेसहाच्या आतली गाडी पकडली तर पेटीसह उभं राहायला जागा मिळते, आठनंतर नाही.

घरात गच्चीवरून, खिडकीतून, कबुतरांवर, बाटल्यांवर एकही पेलेट सुटता कामा नये. पेलेट रेंजवरच. घरी फक्त होल्डिंग (नेम धरून स्थिर उभं राहणं) आणि ड्राय, हॉलच्या पांढऱ्या भिंतीसमोर. त्या भिंतीवर आम्ही पेन्सिलने एक ठिपका काढला आहे. जमिनीपासून किती उंचीवर तो काढायचा ते सर सांगतील. दर सहा महिन्यांनी तो वर सरकवावा लागतो, कारण मूल वाढत असतं. तेव्हाच बट प्लेटची लांबीही एक खूण पुढे घ्या आणि नवं माप वहीत तारखेसह लिहा.